पालथी वाटी

१८ नोव्हेंबर, मंगळवार

परत पायरीवर! दाराला कुलूप, चावी मायकडे, माय खात्यावर. खातं म्हणजे साड्यांवर टिकल्या चिकटवायचा हॉल, अंधार पडल्याशिवाय सुटत नाही. मी मार्केटात साड्यांच्या घड्या घालते, ते काम लवकर सुटतं. मग येऊन बसते इथे, जिन्यात, कुत्र्याशेजारी. कोसाडच्या या आवासात, म्हणजे सरकारी बिल्डिंगांत, प्रत्येक घरात दोन-तीन चाव्या. आमच्याकडे एक. ती पण मायच्या ब्लाउजला आतून सेफ्टी पिनेने टाचलेली. तिथून कोण काढणार!

सकाळी परत विचारलं. माय, डुप्लिकेट करून घेऊ ना.

"घरले एकच चावी ऱ्हास."

"काबर पण?"

"काबर म्हंजे? ऱ्हास. आन् तुले दिधी तं तू घरमा सर्कस भरवशी."

सर्कस म्हणे! एकदाच सगळ्या मजल्याच्या चपलांच्या जोड्या बदलल्या होत्या. एकदाच! शेजारच्या रंजनबेन एक निळी एक लाल घालून भाजी घेऊन आल्या तरी त्यांना कळलं नाही, त्यात माझी काय चूक?

आमच्या घरात दोन विषय बंद. एक चावी. दुसरा बाप. तो हजीऱ्याला कामाला गेला तो गेलाच. मी तेव्हा एवढीशी. कडोदऱ्याच्या खोलीत राहायचो. मला त्याचं तोंड पण आठवत नाही. खोलीचं पण काही नाही — मागांची खडखड, आणि दारात उन्हात काहीतरी चमकायचं. बस.

आता आजची मजा. समोरच्या घरात ओडिशाची नवीन जोडी आलीय. नवरा लूमवर बारा तासाची पाळी करतो. बायको मिनती. दार लावून बसलेली असते. आज तिच्या घरातून तळणीचा असा वास येत होता की माझं पोट कुत्र्यापेक्षा जोरात बोललं. ती पायपुसणं झटकायला बाहेर आली. माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं, दार लावायला लागली. मी मनात म्हटलं — गेला वास हातातून!

तर तोंडातून निघालं, "भाभी, आप लोग कटोरी नहीं रखते?"

"कटोरी?"

"हमारे में रखते हैं. शाम को दरवाजे पे, उल्टी. पडोस की लडकी आके सीधी करती है. फिर उसको बिठा के खिलाते हैं. कुंवारी लडकी हो तो बहुत अच्छा."

"नहीं रखा तो?"

काहीतरी मोठं सांगावं वाटलं पण तिचा चेहरा बघून नको वाटलं. म्हटलं, "दूध फट जाता है."

तिचे डोळे एवढे! "हमारा आज ही फटा!"

आई शप्पथ, हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यात पाणी आलं. तिने लगेच वाटी आणली, पालथी घातली, मी सरळ केली. काकरा पिठा नाव त्याचं. आत गूळ-खोबरं. चार खाल्ले. पाचवा पिशवीत.

१९ नोव्हेंबर

वाटी होती! मी यायच्या आधीच! दुनिया भोळी आहे आणि मी उपाशी नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज तिच्या उंबऱ्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी पावलं. त्यांच्यात गुरुवारी लक्ष्मीसाठी काढतात म्हणे. पावलं थेट वाटीपर्यंत आणलेली. वाटीभोवती नक्षी. एवढी छान की सरळ करायला हात होईना. मी तर नुसती थाप मारली होती, आणि हिने तिला दागिने घातले!

ती म्हणाली, सरळ केलेल्या वाटीत तुम्ही काय घालता? रिकामी कशी परत ठेवायची?

हे मला सुचलंच नव्हतं. म्हटलं, काहीतरी घालायचं. वस्तू नसेल तर बातमी.

"क्या बातमी?"

"कुछ भी. दिनभर का."

मग मी मार्केटातली सांगितली. आमच्या शेठने स्वतःचाच चष्मा साडीच्या घडीत घालून पॅक केला आणि साडी गेली पाटण्याला. ती हसली. अशी हसली की ओढणी तोंडात कोंबली. मग ओढणी नीट केली. म्हणाली, "दीदी, हमारा मुँह सुबह से शाम तक बंद रहता है. आज खुला."

मी पाणी मागितलं. पिठा कोरडा होता बहुतेक.

२१ नोव्हेंबर

सकाळी मायच्या डब्यातून बिबड्या चोरल्या. वाटीत घातल्या. मिनतीने भाजून खाल्ल्या आणि विचारलं हे कसले पापड. सांगितलं, ज्वारीचे, आमच्या अमळनेरकडचे. "काबर" म्हणजे का, हा शब्द पण शिकवला. आता सगळ्याला "काबर दीदी, काबर?" करते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हे काय चाललंय!

रंजनबेनच्या दाराशी वाटी. स्टीलची, नवी, वर हळदकुंकू, खाली तांदळाचे दाणे. मी विचारलं हे काय. तर मलाच शिकवतात कधी ठेवायची ते — "सांजे मूकवानी. दूध ना फाटे, ने घरमां झगडो ना थाय." झगडा पण! झगडा मी सांगितलाच नव्हता! तो मधल्या मध्ये कोणी घातला?

वरच्या मजल्यावर बलियावाल्या भाभीने वाटीला लाल दोरा बांधला. तिच्या इथे वाटी फक्त सासू नाहीतर शेजारची म्हातारी सरळ करते, कुंवारी पोरगी नाही. म्हणजे मला तिथे एन्ट्री नाही. माझ्याच रीतीत!

खालच्या उषाकाकूंनी पण ठेवली. मी म्हटलं काकू, तुम्ही तर हळदकुंकू, उपासतापास काही मानत नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "कुंकू नाही लावलं, बघ. दूधबिध पण मानत नाही. दूध उन्हाने नासतं. पण शेजारीण दारात थांबून आत येते, यात मानायचं काय न मानायचं काय? रेल्वे क्वार्टरला होतो तेव्हा येत होते लोक. इथे आल्यापासून कोण येतं?" मग म्हणाल्या, "बस. चहा घे." त्यांची वाटी आपली साधी. घासून लख्ख.

प्रत्येक दारात एकच वाटी आणि एक पण सारखी नाही.

२८ नोव्हेंबर

तिन्हीसांजेला जिन्यात गर्दी! बायका एकमेकींच्या घरी जातात, वाटी सरळ करतात, दहा मिनिटं बसतात. ज्या दोघी पाण्याच्या नळावरून भांडून बोलत नव्हत्या त्यांचं पण झालं — एकीने वाटी ठेवली, दुसरी बिचारी ओलांडून जाणार कशी?

माझं वजन वाढलंय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज तर कहर. सखूबाई मावशी, पलीकडच्या बिल्डिंगच्या, धुळ्याकडच्या, तंबाखू मळत बायकांना सांगत होत्या — "आम्हना गावले हाई पयलेपासून शे. मन्ही सासू करे. तिन्ही सासू करे."

मी पाणी पीत होते, नाकातून आलं. म्हटलं, मावशी, नक्की?

"तू कालदिननी पोर. तुले काय माहित!"

मला काय माहीत! मला!! मलाच!

३० नोव्हेंबर, रविवार

लिहावं की नको.

मायला रविवारी पण ओव्हरटाइम होता, पण लवकर सुटली. नाहीतर ती अंधारात येते, मान खाली, पिशवी छातीशी, कोणाकडे बघत नाही. एवढ्या वर्षांत शेजारणीशी "हो" आणि "नाही" याच्यापुढे बोललेली नाही. गुजराती येत नाही म्हणते. येतं. मी ऐकलंय, झोपेत पण बडबडते गुजरातीत, टिकल्यांचा हिशेब. पण नाही बोलायचं.

तर आज उजेडात आली. जिना चढताना एकेका दाराशी वाटी. मी वरून बघत होते. पहिल्या मजल्यावर थांबली. दुसऱ्यावर थांबली. आमच्या मजल्यावर येईपर्यंत तिची चाल अशी झाली जसं पायात काही मोडलंय.

रंजनबेन कौतुकाने म्हणाल्या, "धुरपदाबेन, तमारी छोकरीए शिखवाड्युं! तुम्हारे खानदेश का रिवाज. बौ सरस!"

माय माझ्याकडे बघायला लागली. तिला रागात मी पाहिलंय, रोजच पाहते. हे ते नव्हतं.

"कोनी सांगं तुले हाई?"

मी हसत म्हटलं, कोणी नाही. मीच बनवलं. खायला मिळतं.

"तू बनवं?"

"हां. गंमत."

तिने पिन काढली, कुलूप उघडलं, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही.

१ डिसेंबर

बोलत नाही.

२ डिसेंबर

बोलत नाही. म्हणजे माझ्याशी नाही. गॅसच्या बाटलीशी बोलते. "मीठ सरनं." बाटली काही आणणार नाही म्हणून मी आणलं. मग ताटाशी — "जेवी ल्या." ताट जेवलं नाही, मी जेवले.

एवढं काय झालं? खोटी रीत सांगितली म्हणून? देवाला राग येईल म्हणून? देव काय रिकामा आहे कोसाडच्या वाट्या मोजायला! मी याच्यापेक्षा मोठे उद्योग केलेत. मायच्या चहात एकदा मीठ घातलं होतं. तिने लाटणं फेकलं, आणि संध्याकाळी स्वतःच हसली. लाटणं चांगलं. लाटणं फेकलं तर आवाज तरी होतो.

४ डिसेंबर, गुरुवार

ठरवलं, संपवून टाकायचं. वाट्याच नाही राहिल्या तर माय बोलेल. जिन्यात उभं राहून ओरडले — ऐका सगळ्या! हे खोटं आहे. मी बनवलं. भूक लागली होती. ठेवू नका.

कोणी ऐकेल तर शपथ!

रंजनबेन — "तने खबर नथी, बेटा. जूनुं छे."

बलियावाली — "अरे हमरे मायके में तो कब से है."

सखूबाई मावशी तर मारायलाच उठल्या. "रीतभात सोडा हाईच शिकाडतंस का तुमले मार्केटमा?"

उषाकाकू एकट्या हसल्या. म्हणाल्या, "मला पहिल्यापासून वाटलंच होतं. ते दूध फाटायचं डोकं तुझंच." वाटी उचलली का? नाही. "तू सुरू केलीस. बंद करणारी तू कोण?"

शेवटी मिनतीकडे गेले. तिला हिंदीत नीट सांगितलं. सगळं. भूक, वास, थाप. ती ऐकत होती, हातात पिठाची वाटी, बोटं पांढरी. मला वाटलं रडेल नाहीतर दार आपटेल.

म्हणाली, "तो कल से नहीं आओगी?"

"तसं नाही गं..."

"झूठ था तो झूठ. तुम सच में आती थी ना?"

मग मला बसवलं आणि वाढलं. पाणभात, वर कांदा, मिरची. खाऊन मी तिची भांडी घासली. मी! भांडी!

७ डिसेंबर, रविवार

एक वृषालीताई आली होती. उधन्याची, आमच्यासारखीच मराठी, पण कॉलेजात मोठं काहीतरी शिकते. एका समाजाची रीत दुसऱ्या समाजात कशी जाते ते बघत फिरते. हे पण शिकतात! मी बारावी अर्धी सोडली तेव्हा असलं काही असतं हे कोणी सांगितलं नाही.

सगळ्यांना विचारत होती, वाटी मूळ कोणाची? रंजनबेन म्हणाल्या मराठी लोकांची. सखूबाई मावशी म्हणाल्या आमची. बलियावाली म्हणाली आमची. मिनतीने माझ्याकडे बघितलं आणि गोड हसून म्हणाली, "हमारे गाँव में भी रखने लगे." काय! तिने आईला फोनवर दाखवली आणि आता तिकडे गंजामला, समुद्राजवळ, तिच्या गल्लीत पण वाट्या! त्यात ते सुपारी ठेवतात.

कोसाडची थाप रेल्वेत न बसता ओडिशाला पोचली.

नंतर वृषालीताईला मी जिन्यात गाठलं. खरं सांगून टाकलं. मला वाटलं कागद फाडेल. ती उलट खूश झाली! पायरीवर बसली माझ्याशेजारी. म्हणाली, "हे असंच असतं. मिरची बघ. समुद्रापलीकडून आली. पण तुझ्या सखूबाईंना सांग ठेचा खानदेशचा नाही म्हणून."

"जीव घेतील माझा."

"घेणारच. रीत एका घरातून दुसऱ्या घरात जाते ना, तेव्हा आधी तिचा आकार जातो. कशासाठी होती ते बऱ्याचदा मागेच राहतं. नवीन घरवाले मग आपलं कारण घालतात तिच्यात."

"म्हणजे दूध, झगडा."

"हां. आणि तुझी भूक." मग म्हणाली, "पण तू कुठे बघितली होतीस पालथी वाटी?"

"कुठेच नाही. डोक्यातून काढली."

"डोक्यात कुठून आली?"

हिला काय सांगू! डोक्यात काय, काहीपण येतं. म्हटलं, भुकेतून. हसली, गेली.

आता वाटतंय, वाटीच का? ताट का नाही? पेला का नाही?

१० डिसेंबर

मायला चहा केला. साखर बघून घातली, चाखून पण बघितली. तिने घेतला. प्यायली. कप धुऊन ठेवला. बोलली नाही.

तिच्या उशीजवळ बसून म्हटलं, माय, मी मजल्यावर सगळ्यांना सांगितलं खोटं आहे म्हणून. ऐकत नाहीत. मी काय करू? तू मार मला पाहिजे तर.

डोळे मिटलेले होते पण झोपलेली नव्हती. झोपली की तिचा हात सैल होतो. तो हात चावीच्या पिनेवर घट्ट होता.

चावी नको आता. मागणार पण नाही. पायरीवर बसेन म्हातारी होईपर्यंत. नुसतं एकदा म्हण की तुले सर्कस भरवानी शे का.

१३ डिसेंबर, शनिवार

लग्नसराईचा माल. शेठ म्हणाला सोमवारपासून उशिरापर्यंत थांबायचं, नाहीतर घरी बसा. म्हणजे मायच्या पण नंतर येणार मी. मिनतीला सांगितलं, माझी वाट बघू नको, वाटी दुसरं कोणी सरळ करेल.

"काबर?" म्हणाली. मग म्हणाली, "हम तो रखेंगे."

बाकीच्या बायका आपापल्या ठरलेल्या दारी जातात. मिनतीचं दार माझं होतं.

१५ डिसेंबर, सोमवार

पायरीवर बसून लिहितेय. पण आज वेगळं आहे.

उशीर झाला. जिना चढून आले तर मिनतीची वाटी सरळ. आत बिबड्या. कोणी ठेवल्या? आमच्या दाराला कुलूप — म्हणजे माय अजून आली नाही? आणि आमच्या उंबऱ्यावर वाटी. आमच्या! मायची जुनी, कडोदऱ्याची, काठाला चेपलेली. पालथी. मी सरळ केली.

खाली चावी. पिनेसकट.

मिनतीच्या घरातून मायचा आवाज. अहिराणी. समोरून "काबर, मौसी, काबर?" आणि माय हसतेय! मी दारात गेले. तिने माझ्याकडे बघितलं नाही, हातातली बिबडी मोडत राहिली. म्हणाली,

"कडोदराले आशीच पालथी वाटी तुन्हा बापसाठे ठेवू मी. कामले जाऊ तं रोज. वाटीखाले चावी. मी नसनू तं भायेर उभा नको ऱ्हावाले. तू बठी ऱ्हाये वाटीजोडे, कोनले हात लावू दे नही. मले वाटनं तुले समदं याद शे, आन् तू मन्ही चेष्टा करी ऱ्हायनी."

मग म्हणाली, "तो उना नही. तू तं रोज येस."

चावी मुठीत आहे. दार अजून उघडलं नाही.